आश्रमातल्या माणसाची तब्येत कोणत्या वहीत लिहितात?

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभर गाजली. लोकांचे केस गळत होते, बघता बघता टक्कल पडत होतं. आम्हा पत्रकारांना रोज नवा आकडा मिळायचा. आज अमुक गावात इतके, काल इतके. बाहेरून पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले. टीव्हीवाले महिनाभर इथंच होते. कुणी हसलं, कुणी घाबरलं, पण एक गोष्ट त्या दिवसांत सिद्ध झाली. मनावर घेतलं तर आपल्या जिल्ह्यात गावनिहाय आणि रोजच्या रोज माणसं मोजता येतात.

आता मी तुम्हाला दुसराच आकडा विचारतो. आपल्या तेरा तालुक्यांत वृद्धाश्रम आहेत, निराधारांची निवासस्थानं आहेत, रस्त्यावरून उचलून आणलेल्या मनोरुग्णांना सांभाळणारे प्रकल्प आहेत. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळचा सेवासंकल्प तर बहुतेकांना माहीत आहे. या सगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहणारी जी माणसं आहेत, त्यांच्यापैकी गेल्या वर्षी किती जण पडले आणि हाड मोडलं? किती जणांना अंथरुणात पडून पडून पाठीला जखमा झाल्या? किती वारले आणि कशानं?

सगळ्या जिल्ह्याचा असा एक कागद मी गेली काही वर्षं शोधतोय. समाजकल्याणवाले म्हणतात आरोग्य विभागाला विचारा. आरोग्यवाले म्हणतात ती संस्था आमची नाही. संस्थाचालक म्हणतात, भाऊ, आम्हाला कुणी मागितलंच नाही कधी.

यातलं कुणीही खोटं बोलत नाही. गोष्टच तशी आहे. आणि ती आजची नाही, दीडशे वर्षांची आहे. पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

कोतवाल बुकापासून सुरुवात करू

दोन-तीन वर्षांपूर्वी कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा 'कोतवाल बुक' हा शब्द घराघरात पोचला. विदर्भातल्या तहसीलच्या अभिलेख कक्षात लोकांनी रांगा लावल्या. पणजोबाचं नाव, जात, जन्माची तारीख सापडली की फोटो काढून ग्रुपवर टाकायचे.

या वह्या जातीचे दाखले काढायला तयार केल्या नव्हत्या. गावात कोण जन्मलं आणि कोण कशानं मेलं हे सरकारला कळावं म्हणून त्या होत्या. कोतवालानं सांगायचं, गावच्या कारभाऱ्यानं लिहायचं, मग ते वर जायचं. मरणाची कारणंही ठरलेली होती. देवी, पटकी, ताप, हगवण, इजा, नंतर प्लेग, आणि उरलेलं सगळं 'इतर'. ताप म्हणजे काय, तर काहीही. म्हाताऱ्या माणसाचं मरण बहुतेक 'ताप' नाहीतर 'इतर' यातच जायचं. पण नोंद व्हायची. घर होतं, गाव होतं, कोतवाल रोज त्याच गल्लीतून फिरायचा.

म्हणजे आपली नोंदीची सगळी पद्धत घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. जो घरात आहे तो दिसतो. ज्याला घरानं सोडलं किंवा ज्यानं घर सोडलं, त्याचं काय? त्याच्यासाठी इंग्रजांनी वेगळी वही काढली, आणि तिथून घोळ सुरू झाला.

आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी

वऱ्हाडाची पहिली शिरगणती १८६७ साली झाली. तेव्हा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे कारभाराला आलेला होता. पुढे १८८१ पासून देशभर दर दहा वर्षांनी जनगणना सुरू झाली, आणि तिच्यात एक खास रकाना होता. घरात कुणी वेडा आहे का, जन्मापासून बहिरा-मुका आहे का, दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे का, महारोगी आहे का? १९३१ पर्यंत हे चारही प्रश्न विचारले जात होते.

ऐकायला बरं वाटतं. सरकारला दुबळ्यांची काळजी होती असं वाटेल. पण विचार करा, शेजारच्या गावचा मास्तर किंवा पटवारी दारात उभा आहे आणि विचारतोय, घरात कुणाला रक्तपिती आहे का? लग्नाची पोरगी घरात आहे. कोण हो म्हणेल?

आकड्यांनीच ते उघडं पाडलं. महारोगाच्या नोंदीत बाया पुरुषांच्या निम्म्यानंही भरल्या नाहीत. रोग बाईमाणसाला सोडतो असं नाही, घरच्यांनी लपवलं. जनगणनेचे अधिकारी आपल्या अहवालातच तसं लिहून गेले. कुठे उलटंही व्हायचं. साधं पांढरं कोड असलेल्या माणसाला मोजणाऱ्यानं महारोगी करून टाकलं.

१८९१ च्या जनगणनेत देशात सव्वा लाखाच्या आसपास महारोगी दिसले. १९०१ मध्ये तोच आकडा ९७ हजारांवर आला. रोग कमी झाला म्हणून खूश व्हावं का? त्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ झाले होते. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या भागात भयानक होता. १८९१ ते १९०१ मध्ये वऱ्हाडची एकूण लोकसंख्याच २९ लाखांच्या जवळून साडेसत्तावीस लाखांवर आली. दुष्काळात आधी कोण मरतं? ज्याला भीक मागूनच खायचं असतं तो. म्हणजे घटलेल्या आकड्यातले काही रोगी रस्त्याच्या कडेला मेलेले होते. आकडा बघून हे कळत नाही, त्याच्या मागचं साल बघावं लागतं.

(आपल्या जिल्ह्याचे जुने आकडे काढणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. १९०५ आधीच्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव आणि जळगाव तालुके नव्हते, ते अकोल्यात होते. १९०१ आणि १९११ चे आकडे शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणणारे लेख मी वाचलेत.)

मधल्या काळात १८९८ साली लेपर्स अ‍ॅक्ट आला. भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडायचं, तपासून घ्यायचं आणि आश्रमात पाठवायचं. गंमत म्हणजे, १८९०-९१ मध्ये लेप्रसी कमिशननं देशभर फिरून सांगितलं होतं की हा रोग लोक समजतात तसा झपाट्यानं पसरत नाही. तरी कायदा झाला. कारण तक्रार रोगाची कमी आणि बाजारात महारोगी दिसतो याची जास्त होती.

त्या काळात मिशनऱ्यांनी आश्रम काढले. आपल्या वऱ्हाडात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला निघाला, तो जुन्या लोकांना अजून माहीत आहे. तिथे सेवा झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा ठिकाणच्या नोंदी कुणासाठी असायच्या, ते बघा. सरकार डोकं मोजून अनुदान द्यायचं, म्हणून डोकी मोजली जायची. परदेशातल्या दात्यांना कळवायचं असायचं, म्हणून किती आले, किती राहिले, किती जणांनी धर्म स्वीकारला हे लिहिलं जायचं. बोटं किती जणांची वाचली, हे विचारणारं कुणी नव्हतं.

नागपूरचं वेड्यांचं इस्पितळ आणि गांजाचा रकाना

आता मनोरुग्णांकडे येऊ. या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग इथं आहे.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. अशी इस्पितळं देशभर होती आणि प्रत्येकाला दरवर्षी सरकारला तक्ता पाठवावा लागायचा. किती भरती, किती सुटले, किती मेले, जात, धंदा, वय, आणि एक रकाना, 'वेडाचं कारण'. बऱ्याच ठिकाणी या रकान्यात एकच कारण पुन्हा पुन्हा यायचं. गांजा.

वर्षानुवर्षं हे तक्ते छापले गेले. ते वाचून विलायतेत आरडाओरडा सुरू झाला की गांजानं हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली, बंद करा तो. शेवटी १८९३ साली सरकारनं कमिशन नेमलं, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. कमिशननं देशभर साक्षी घेतल्या, वऱ्हाडातल्या साक्षीदारांच्याही घेतल्या. आपल्यापासून सातपुडा ओलांडला की खंडवा, तिथे तेव्हा सरकारी परवान्यानं गांजा पिकायचा. तेव्हा आपल्याकडच्या लोकांना या विषयातलं काही कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

या कमिशननं एक काम केलं जे त्याआधी कुणी केलं नव्हतं. १८९२ साली देशातल्या सगळ्या वेड्यांच्या इस्पितळांत जितके रुग्ण भरती झाले, त्यांची एकेक केस पुन्हा तपासली. रुग्णाच्या गावी चौकशी करायला लावली. एकूण १,३४४ भरती. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढे तक्त्यात गांजा-भांग हे कारण होतं. तपासल्यावर किती उरले? ९८. त्यातही काहींच्या बाबतीत दुसरी कारणं मिसळलेली होती.

मग बाकीच्यांच्या नावापुढे गांजा आला कुठून? पोलिसांकडून. वाटेत कुणी वेडसर माणूस सापडला की शिपाई त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेणार. सोबत एक छापील कागद. त्यात 'कारण' असा रकाना. शिपायाला काय माहीत कारण? घरचं कुणी जवळ नाही, माणूस नीट बोलत नाही. रकाना रिकामा ठेवला तर साहेब ओरडणार. मग लिहा गांजा. इस्पितळाचे साहेब तेच उतरवून घेणार, कारण त्यांच्याकडेही दुसरी माहिती नव्हती. तेच पुढे वार्षिक अहवालात जाणार, आणि तिथून पार्लमेंटात.

कमिशननं स्पष्ट सांगितलं की या आकड्यांवर विसंबून काही ठरवू नका. आकडे नव्हते असं नाही, वीस-तीस वर्षांचे छापील तक्ते होते. पण ज्या माणसाबद्दल ते होते, त्याला किंवा त्याला ओळखणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी रोज सरकारी प्रेसनोटवर पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे 'रिकामा रकाना नको म्हणून काहीतरी भर' हा प्रकार मला जवळून माहीत आहे. १८९२ चा शिपाई मला परका वाटत नाही.

वर्ध्याला काय वेगळं झालं

विदर्भात या सगळ्याला छेद देणारं कामही झालं, आणि ते आपण अभिमानानं सांगायला हवं. दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. मग बाबा आमटेंचं आनंदवन. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण नोंदीच्या बाबतीत सगळ्यात मोठं काम केलं ते ज्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही त्या डॉ. वारदेकरांनी.

१९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. वारदेकरांचं म्हणणं साधं होतं. आश्रमात आलेल्यांना मोजून रोग किती आहे ते कळणार नाही, कारण आश्रमात शेवटच्या अवस्थेतला माणूस येतो. आपण गावात जाऊ, घरोघर जाऊ, प्रत्येकाला तपासू. लोकांना समजावू. ज्याला रोग आहे त्याला घरातच ठेवून गोळ्या देऊ. पाहणी, शिक्षण, उपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'सेट' पद्धत म्हणतात. १९५५ चा राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम याच वाटेनं गेला.

प्रश्न तोच होता, 'तुमच्या घरात कुणाला आहे का?' पण १८९१ मध्ये उत्तर लपवलं गेलं आणि वर्ध्यात ते मिळालं. कारण विचारणाऱ्याच्या हातात या वेळी गोळ्या होत्या, बेड्या नव्हत्या. वीसच्या दशकातही कुष्ठनिवारणाचं काम करणाऱ्या डॉक्टरांना हाच अनुभव आला होता. उपचाराचं केंद्र उघडून मग पाहणी केली की जनगणनेच्या कितीतरी पट रोगी सापडायचे.

पण यात एक गोष्ट मागे राहिली. घरोघर फिरणारी ही चांगली पद्धतसुद्धा घराघराचीच होती. आश्रमात वर्षानुवर्षं राहणारा माणूस कोणाच्या घराच्या यादीत येणार?

स्वातंत्र्यानंतर रकाना गेला, माणसं राहिली

१९४१ पासून जनगणनेतला तो जुना रकाना गेला. पुढे १९८१ ला अपंगत्वाचा प्रश्न परत आला, १९९१ ला पुन्हा गायब, २००१ ला परत, २०११ ला आठ प्रकार. जनगणनेत आश्रम, वसतिगृह, तुरुंग यांना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणतात. एका स्वयंपाकघरात जेवणारी, एकमेकांची कुणी नसलेली माणसं. डोकी मोजली जातात. तब्येत हा जनगणनेचा विषय नाही, तो तिचा दोषही नाही.

मनोरुग्णालयांची अवस्था बाहेर आली ती कोर्टामुळे आणि मानवी हक्क आयोगामुळे. १९९९ मध्ये आयोगाचा अहवाल आला, ३७ सरकारी मनोरुग्णालयं बघून. मग ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यानंतर सुप्रीम कोर्टानं विचारलं की अशा जागा देशात आहेत किती? नोंदणी असलेल्या किती, नसलेल्या किती? जिल्ह्याजिल्ह्यात पाहणी करा म्हणून सांगावं लागलं. आग लागेपर्यंत यादीसुद्धा नव्हती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मात्र मोठा बदल केला. मनोरुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते, ठरलेल्या नमुन्यात वैद्यकीय नोंद ठेवावी लागते. आणि कलम २५ म्हणतं की स्वतःची ही नोंद बघायचा हक्क रुग्णाला आहे. म्हणजे शिपायानं माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मी वाचू शकतो. १८९२ च्या त्या रुग्णांना हा हक्क असता तर गांजाचा रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा झाला असता.

कायदा झाला म्हणून सगळं झालं असं नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलं की आपल्या महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवलं जातंय. कोर्टानं ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. राज्यांनी दिलेल्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता, तो बसवा असंही सांगितलं. आता बघा, मनोरुग्णालयाच्या तक्त्यात एक माणूस कमी झाला, 'पुनर्वसन' झालं. वृद्धाश्रमात एक वाढला. माणूस त्याच अवस्थेत, फक्त ज्या वहीत त्याची तब्येत लिहिली जायची त्या वहीतून तो बाहेर पडला.

वृद्धाश्रमाची वही

वृद्धाश्रमासाठी २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० चे. कायद्याचं कलम १९ सांगतं की सरकार निराधार ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम काढू शकेल, निदान प्रत्येक जिल्ह्यात एक, किमान १५० जणांचा. 'काढू शकेल' हा शब्द लक्षात ठेवा, 'काढेल' असं नाही. कलम २० मध्ये सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळ्या रांगा. पण वृद्धाश्रमानं राहणाऱ्यांच्या तब्येतीची नोंद ठेवावी आणि ती दर महिन्याला कुणालातरी कळवावी, असं बंधन या कायद्यात मला सापडलं नाही.

आता दुसऱ्या बाजूला बघा. हे बहुतेक आश्रम ट्रस्ट चालवतात. ट्रस्ट म्हटला की १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दरवर्षी हिशेब, ऑडिट, धर्मादाय कार्यालयात ताळेबंद. मी एका आश्रमात (नाव सांगत नाही, लोक प्रामाणिक आहेत) व्यवस्थापकांना रजिस्टर दाखवायला सांगितलं. देणगीचं रजिस्टर बघून डोळे निवले. तारीख, पावती नंबर, वाढदिवसाचं जेवण कुणाकडून, पुण्यतिथीची पंगत कुणाकडून, किती किलो साखर, सगळं सुंदर अक्षरात. मग विचारलं, आजीआजोबांचं वजन कुठे लिहिता? त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रबरबँड लावून. "ज्याची त्याची पिशवी आहे ना भाऊ," म्हणाले.

साखरेचा किलो-ग्रॅम हिशेब आहे, कारण तो मागणारं ऑफिस आहे. रोज ते अन्न खाणाऱ्या माणसाचं वजन सहा महिन्यांत आठ किलो उतरलं तर ते विचारणारं ऑफिस नाही. व्यवस्थापकाला दोष देऊन काय उपयोग?

आरोग्य खात्याचं काम गावाच्या आणि कुटुंबाच्या यादीवर चालतं. आशाताईंकडे घरांची यादी असते. बीपी, शुगरची तपासणी त्या घरनिहाय करतात. समजा मेहकर तालुक्यातल्या एखाद्या गावचे आजोबा खामगावच्या आश्रमात राहतात. रेशनकार्ड गावचं, आधारचा पत्ता गावचा. गावातल्या आशाताईच्या यादीत ते 'बाहेरगावी'. खामगावच्या यादीत ते कुणाचेच नाहीत. कोतवालाच्या काळापासूनची तीच अडचण, उंबरा नाही म्हणून नोंद नाही.

आणि मेल्यावर? जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा काढून बघा, कलम ८. घरात मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखानं कळवायचं. दवाखान्यात झाला तर तिथल्या प्रमुख डॉक्टरनं. तुरुंगात झाला तर जेलरनं. वसतिगृह, धर्मशाळा, लॉज, बराक, दारूचा गुत्ता, ताडीचं दुकान, इथे झाला तर तिथल्या चालकानं. ताडीच्या दुकानात मेलेल्या माणसाची नोंद कुणी द्यायची ते कायद्यानं नाव घेऊन सांगितलंय. वृद्धाश्रमाचं नाव त्या यादीत नाही. दवाखान्यासारखी संस्था म्हणा, धर्मशाळेसारखी म्हणा, ओढूनताणून बसतं. मृत्यूच्या फॉर्मवर ठिकाणाचे पर्याय तीनच, दवाखाना किंवा संस्था, घर, इतर. लेक येऊन बॉडी गावाला घेऊन गेला आणि तिथे नोंद केली तर 'घर'. ज्या घरात तो माणूस दहा वर्षं गेलाच नव्हता, त्या घरात तो मेला असं सरकारी कागद म्हणतो.

कारणाचं तर विचारूच नका. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले २०२० मध्ये २२.५ टक्के होते. बाकीच्यांचं 'वार्धक्य'.

कोरोनानं दाखवलं ते

मार्च २०२० च्या शेवटी बुलढाण्यात जिल्ह्यातला पहिला कोरोना मृत्यू झाला. तेव्हापासून पुढची दोन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी प्रेसनोटची वाट बघायचो. तालुका, गाव, पुरुष किती, स्त्रिया किती. वृद्धाश्रम असा रकाना त्या प्रेसनोटमध्ये मी कधी बघितला नाही. जगात सगळीकडे तेव्हा ओरड सुरू होती की म्हाताऱ्यांच्या निवासांमध्ये माणसं पटापट जाताहेत.

हे आपलंच मागासलेपण आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये रोज जाहीर होणाऱ्या आकड्यांत २९ एप्रिल २०२० पर्यंत केअर होममधले मृत्यू धरलेच नव्हते, फक्त दवाखान्यातले होते. अमेरिकेत मात्र १९८७ च्या कायद्यापासून सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला राहणाऱ्या माणसाची ठरलेल्या एकाच फॉर्मवर तपासणी करावी लागते, आल्याबरोबर आणि मग दर तीन महिन्यांनी. चालता येतं का, जखमा आहेत का, पडला का, वजन किती. हे काही सरकारला आपोआप सुचलं नाही. तिथल्या नर्सिंग होममधल्या हालांची बोंब झाली, १९८६ मध्ये मोठा अहवाल आला, मग कायदा. आणि तिथेही घोळ आहेच, कारण फॉर्म होमवालेच भरतात आणि त्यावरच त्यांना स्टार मिळतात. त्यामुळे पडलेली सगळीच माणसं फॉर्मवर पडत नाहीत. गांजाचा रकाना तिकडेही आहे, फक्त उलटा.

म्हणून 'अमेरिकेसारखं पोर्टल काढा' अशी मागणी मी करणार नाही. पोर्टल काढलं की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याच्या शेवटी ऑपरेटर मागच्या महिन्याचे आकडे कॉपी करतो.

मला वाटतं ते फार लहान आहे. प्रत्येक माणसाची एक वही. पहिल्या पानावर आल्या दिवसाचं वजन, चष्मा-कानाचं यंत्र, गोळ्या, आणि कुणाला कळवायचं त्याचा फोन. मग महिन्याला एक ओळ, वजन, बीपी, पडले का, जखम आहे का, दवाखान्यात नेलं का. वही त्या माणसाच्या खाटेशी, त्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या हाताला लागेल अशी. त्यातले फक्त आकडे, नाव न घालता, महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. तिथल्या डॉक्टरनं तीन महिन्यांतून एकदा येऊन चार वह्या उघडून माणसाशी ताडून बघायच्या, कमिशननं १८९३ मध्ये जसं गावी जाऊन ताडलं तसं. याला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि समाजकल्याणचे साहेब एका बैठकीत हे करू शकतात.

नावाची काळजी मात्र घ्या. आश्रमातल्या कुणाचा आजार व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, फोटोसकट, असं मी बघितलंय. देणगी मिळावी म्हणून पाठवला होता, हेतू वाईट नव्हता. पण १८९१ मध्ये लोकांनी रोग लपवला तो याच भीतीनं.

जनगणना २०२७ ची तयारी सुरू आहे. प्रगणक आश्रमाच्याही दारात येईल, 'संस्थात्मक कुटुंब' लिहील आणि डोकी मोजून जाईल. त्याचं काम तेवढंच आहे.

तुम्ही मात्र येत्या वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला जेवण द्यायला एखाद्या आश्रमात जाल. पावती घ्याच. पावती फाडणाऱ्या माणसाला एवढंच विचारा की इथं वजनकाटा आहे का, आणि तो शेवटचा कधी वापरला. नसेल तर पुढच्या वेळी पंगतीऐवजी काटा द्या. साधा काटा हजार-दीड हजारात येतो, खामगावच्या मार्केटमध्ये मिळतो.